घट्ट बसलेला जबडा

सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. उद्या चिपळूणच्या परिषदेत निबंध वाचायचा होता, आणि सतरा नंबरच्या कवटीपुढून मला हलवेना. वरच्या दाढा झिजून सपाट, खालच्या मात्र कोऱ्या, टोकदार. म्हातारीच्या तोंडात पोरीचे दात कसे?

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मार्मोसेट म्हणजे खारीएवढी माकडं. त्यांच्या दोन जातींच्या चाळीस कवट्या आमच्याकडे आहेत. एक जात दातांनी साल खरवडून डिंक खाते, दुसरी बहुतेक फळं. तरी दोघींचे जबडे मापात सारखेच, हा माझा शोध. दोन वर्षं त्याच मापांत गेली.

तीन नंबरची उघडली, मग अकराची. तिथेही तेच.

"हरिश्चंद्रकाका!" मी ओरडले. मला हळू बोलता येत नाही, हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे.

काका आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. चहाचा कप घेऊनच आले.

"या कवट्यांना जबडे बांधलेले दोरे कुणी सोडले होते?"

"मीच. तुमी मोजायला घेतल्यात त्याच्या आधी बुरशी आलेली ना? सगळे सोडून पुसले, सुपात घालून वाळवले. मग जो जबडा जिला घट्ट बसला, तो तिला बांधला."

"घट्ट? कुणी सांगितलं होतं घट्ट बांधायला?"

काकांनी कप टेबलावर ठेवला. "तुमीच बोललात मॅडम. जबडे खुळखुळतायत, एक काम धड होत नाय तुमच्यानं, असं."

बोलले होते. वाळलेला जबडा खुळखुळणारच, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला कुणावर तरी चिडायचं होतं, एवढंच. आणि जबड्यांवर नंबर घालायचा कंटाळाही मीच केला होता. दोन जाती एकमेकींत मिसळल्यावर मापं सारखी येणार नाहीत तर काय!

मी फेऱ्या मारल्या. खिडकी उघडली, लावली. गप्प बसले तर उद्या टाळ्या मिळणार होत्या. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"निबंध मागे घेते सर. जबड्यांची अदलाबदल झालीय."

"कुणी केला हा गोंधळ? तुझ्या शिपायानं?"

काका दारातच उभे होते, मान खाली घालून. आपलंच नाव येणार, हे त्यांना पाठच असावं.

"नाही सर. मी केला."

काकांनी वर पाहिलं. मग गार झालेला चहा उचलून ते गरम करायला घेऊन गेले, आणि मला रडू कोसळलं.