सूर्यास्ताआधी उतरलेली गुढी

मला झेंडा म्हणाल तर मी बोलणारच नाही! झेंडा तो खालचा, लाल-पांढरा-निळा. वर्षभर कुठेही मिरवतो. मी त्याच्या डोक्यावर बांधतात ती लांब, अरुंद, केशरी पताका. राजघराण्यात कुणाचा वाढदिवस असला, तरच माझी स्वारी बाहेर पडते. एरवी युट्रेख्ट या डच शहरातल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. पण माझ्या तोऱ्यावर जाऊ नका, आज जरा ऐकून घ्या.

सध्या या देशावर जी राणी आहे, तिचा जन्म झाला त्या हिवाळ्यात मला शिवलं. तिकडे राजवाड्यात तिची आई बाळंतीण, आणि इकडे केशरी कापडासाठी दुकानात बायकांची झुंबड. मला शिवणारी बाई याच घरातली. तिची मुलगी हेन्ड्रिका तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर आली होती.

माझ्यासोबतचा झेंडा माझ्याहून जुना, आणि भारी बडबड्या. डब्यात पडल्या पडल्या तो मला राजेलोकांच्या गोष्टी सांगायचा. म्हणे, एकेकाळी राजाची भुवई वर गेली की माणसाचं डोकं खाली यायचं. मग फ्रान्समध्ये लोकांनी राजाचंच डोकं उडवलं. पुढे एका वर्षी युरोपभर सिंहासनं डळमळायला लागली, तेव्हा इथला राजा असा काही हबकला की एका रात्रीत बदलला आणि आपले अधिकार त्याने मुकाट्याने सोडून दिले. जर्मनीच्या बादशहाची तर शोभाच झाली. महायुद्ध हरून तो पळाला तो थेट इथे जवळच, डोर्नला येऊन राहिला आणि म्हातारपणी लाकडं फोडत बसला. मला आधी हसू यायचं. मग वाटायचं, राजांचं असं होत गेलं तर माझं काय?

ते मला युद्धात कळलं. जर्मन फौजा आल्या, त्या वेळची राणी समुद्रापलीकडे निघून गेली आणि केशरी रंग लावणं गुन्हा ठरला. हेन्ड्रिकाच्या आईने मला लेकीच्या गोधडीत शिवून टाकलं. एकदा शिपाई घर उलथंपालथं करून गेले, तेव्हा ती पोर तापाचं सोंग घेऊन माझ्यावर पडून होती. तिचं काळीज धडधडत होतं, ते मला आजही आठवतं. राणीच्या हातात तेव्हा काय होतं? ना फौज, ना राज्य. नुसता रेडिओवरचा आवाज. आणि तिच्या नावाच्या चिंधीसाठी या मायलेकी जीव धोक्यात घालत होत्या.

पुढे मुकुट आईकडून लेकीकडे गेला, लेकीकडून नातीकडे. दोघींनी तो आपल्या हाताने उतरवून दिला. राज्य मंत्र्यांचं, सही राणीची. तरीही दर वाढदिवसाला हेन्ड्रिका मला इस्त्री करून वर चढवायचीच.

तिचे गुडघे गेले तेव्हा तिने हे घर विश्वास आणि मीनल या पुण्याच्या जोडप्याला भाड्याने दिलं आणि स्वतः गल्लीच्या कोपऱ्यावर म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत राहायला गेली. मला मात्र नेलं नाही. विश्वासला म्हणाली, "पताका घराची आहे. राणीच्या दिवशी लावत जा, मी खिडकीतून बघेन."

दोन हजार चारचा मार्च. विश्वासचे वडील दामोदर मिरजेकडून आले होते. निवृत्त शिक्षक, स्वभावाने कडक. लहानपणी त्यांच्या गावी संस्थान होतं. राजेसाहेबांची गाडी गेली की त्यांचे वडील चपला काढून रस्त्याकडेला उभे राहायचे. त्याचा दामोदरांना भारी राग. "मी कुठल्याही राजापुढे चपला काढणार नाही," हे त्यांचं पालुपद मला डब्यातसुद्धा पाठ झालं होतं.

पण त्या पाडव्याला त्यांच्या मनात एकच होतं: गुढी. आदल्या साली त्यांची पत्नी शुभदाताई गेल्या, म्हणून वर्षभर घरात सण झाला नव्हता. यंदा तिचाच हिरवा खण लावून गुढी उभारायची, हे ठरवूनच ते आले होते. विश्वास ऑफिसच्या कामाने बेस्ट नावाच्या गावी अडकलेला. पहाटे काठी शोधता शोधता दामोदरांनी माझा डबा उघडला आणि हरखलेच.

"अगं मीनल, इथे तर भगवी पताका आहे!"

"बाबा, ती घरमालकीणबाईंची आहे."

"असू दे की. शुभकार्याला कोण नाही म्हणतं?"

झालं! तांब्या, कडुलिंबाची वाळकी डहाळी, साखरेची गाठी, शुभदाताईंचा खण आणि मी. खिडकीबाहेर तिरकी गुढी उभी राहिली. दामोदरांनी हात जोडले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हळदकुंकू लावलं. खोटं कशाला सांगू, मी सुखावले.

मग गल्ली जागी झाली. समोरच्याने दार उघडून झेंडा लावला, पण अर्ध्यावर. शेजारणीनेही अर्ध्यावर. दोन्ही झेंड्यांवर पताका नाही. राजघराण्यात कुणीतरी गेलं होतं! दुखवट्यात मी लागत नाही, हा नियम मला जन्मापासून ठाऊक. आणि मी उंच टोकाला, खणाशेजारी फडफडत होते. ओरडणार कशी?

तेवढ्यात कोपऱ्यावरून हेन्ड्रिका येताना दिसली. चाकांचा वॉकर ढकलत, धापा टाकत.

दामोदरांनी दार उघडलं. त्यांना वाटलं, बाई सणाच्या शुभेच्छा द्यायला आली. "या, या! श्रीखंड घेऊन जा." दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण अडत नव्हतं.

"ती खाली घ्या," हेन्ड्रिका म्हणाली.

"सूर्यास्ताआधी गुढी उतरवत नाहीत, बाई."

"काल राणीची आई वारली. तुम्हाला ठाऊक नाही?"

डच बातम्या या घरात लागतच नसत. मीनलचा चेहरा पडला. दामोदर मात्र ताठ. "वाईट झालं. पण राज्य तर तिने कधीच सोडलं होतं ना? तिच्या हातात होतं काय?"

"काही नव्हतं," हेन्ड्रिका पायरीवर टेकत म्हणाली. "माझ्या आईच्या हातात तरी काय होतं? ही तिने शिवली होती. ती गेली तेव्हासुद्धा मी ही लावली नाही. मरण आहे हो, दामोदर. मरणात ही लावत नाहीत."

मला राजवाड्यातली ती बाळंतीण आठवली. जिच्या आनंदासाठी मी जन्मले, तीच गेली होती. मला खूप रडू आलं, पण कापडाला कुठलं रडणं!

दामोदरांनी वर गुढीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्यातही नाही लावत. गेल्या वर्षी मीही गुढी नाही लावली."

"बाबा, भरल्या सणाला गुढी उतरवायची?" मीनल म्हणाली. "तुम्ही वर्षभर थांबलात यासाठी."

"गावी शेजारी मयत असली तर आपण चूल पेटवत नव्हतो, पोरी. आणि इथे दारात गुढी ठेवू?"

ते तसेच अनवाणी, गारठलेल्या फरशीवर बाहेर आले. मीनल मागून म्हणाली, "बाबा, चपला!"

"राहू दे."

आधी त्यांनी मला सोडवलं, नीट घडी करून हेन्ड्रिकाच्या मांडीवर ठेवलं. मग खण उतरवला आणि छातीशी धरला. "हा कुणाचा?" तिने विचारलं. "माझ्या बायकोचा," ते म्हणाले. हेन्ड्रिकाने त्या खणावरून हात फिरवला.

त्या एप्रिलमध्ये राणीच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या आईच्याच वाढदिवशी, हेन्ड्रिका स्वतः आली. झेंडा चढवला, वर मला बांधलं आणि दामोदरांपुढे हात पसरला, "खण द्या." हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. नियमांची एवढी पक्की बाई, पण तिने तो खण माझ्याशेजारी बांधला, आणि मिरजेला परत जाताना तो दामोदरांनी इथेच ठेवला.

आता दोन हजार सहा साल. हेन्ड्रिका जानेवारीत गेली. कोपऱ्यावरच्या खिडकीत दुसऱ्याच कुणाचे पडदे आहेत. तिच्यासाठी सरकारी इमारतीवरचा झेंडा इंचभरही खाली आला नाही; कशाला येईल?

पाडव्याच्या आदल्या दिवशी मीनलने डबा बाहेर काढला होता. तेवढ्यात मिरजेहून फोन आला. मीनलने फोन स्पीकरवर टाकला. दामोदरांचा आवाज खोल गेला होता.

"यंदा गुढी उभारू नका."

"का हो बाबा?"

"का म्हणजे? घरात मरण झालंय."

मीनलने मला खणात गुंडाळलं आणि झाकण लावलं. मी राणीसाठी जन्मले होते. पण यंदाचा माझा दुखवटा हेन्ड्रिकाचा आहे, आणि तो मी पुरा पाळणार. वर्ष सरलं की मला बाहेर काढा, लेकरांनो. खणही बांधा. आणि वर चढवाल तेव्हा माझं तोंड जरा कोपऱ्याकडे करा.