अकरा खड्डे

"पोलिसावानी इचारायल्यात. बसा म्हनलं तर बसंनात, चा ठिवला तर घिनात," चुलीपाशी कडूबाई पुटपुटली. ओसरीवर उभ्या असलेल्या धम्मशीला मॅडमना ते नीट ऐकू गेलं. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

मॅडम परभणीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सुट्टी लागली की झाडपाला दाबून वाळवायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठीला मारून जिंतूरच्या एसटीत बसायचं आणि डोंगर धुंडाळायचे, अशी एकतीस वर्षं गेली. बघायला पाहुणे आले तेव्हा ही मागच्या खोलीत गवत वाळवत बसली होती, असं बहीण अजून सांगते. एवढ्या पायपिटीत कुणी न नोंदवलेलं असं एकच सापडलं: खरपुडीची एक जात, फूल हिरव्या कंदिलासारखं. अख्ख्या माळावर अकरा वेल. शेळ्या राखताना कडूबाईनंच दाखवले होते. मागच्या वर्षी लेख छापून आला. त्यात जागा अक्षांश-रेखांशासह होती. कडूबाई मात्र 'एक स्थानिक महिला' होती.

आज सकाळी माळावर अकरा खड्डे होते. कंदासकट सगळं गेलेलं. असे दुर्मीळ कंद शौकीन लोक चोरून, मोठ्या किमतीला घेतात.

"बालाजी, मोबाइल नवा दिसतोय," मॅडम कडूबाईच्या पुतण्याला म्हणाल्या.

"दिवाळीत घेतला. का बरं?"

"सहज."

"सहज न्हाई, म्याडम. मघापासून माझ्या कुदळीकडं बघायलात तुमी."

"माहीतगाराचं काम आहे. जागा मला, मावशींना आणि तुलाच ठाऊक."

बालाजीनं चुलीकडं पाहिलं. "काकू, सांगू का?"

"गप. चा दे बाईला."

मॅडमनी कप घेतला नाही. "मग मला वनखात्यात तुझं नाव द्यावं लागेल."

पदराला हात पुसत कडूबाई बाहेर आली.

"माझ्या लेकराचं नाव नगा घिऊ. चार दिसामागं दोघं आल्ते गाडीवर. वाट बी इचारली न्हाई. मोबाइलात बघत नीट येलापस्तोर गेले. मी हटकलं, तर छापील कागद दावला. ह्यानं तुमचं नाव वाचलं त्याच्यावर. आमाला वाटलं, तुमीच धाडलेत. मी पानी पाजलं त्यांला. खड्डे मागनं दिसले."

"मला कळवलं का नाही?"

"लय जीव व्हता तुमचा त्या फुलात. कोन्या तोंडानं सांगायचं?" कडूबाई हळूच म्हणाली, "जागा तुमीच दावली त्यांला, बाई."