दोन पानं कमी

लाय लेकीच्या बाळंतपणासाठी कान थो शहरात आली ती दोन भरगच्च पिशव्या घेऊन. एकीत मिरी घालून खारवलेलं डुकराचं मांस, दुसरीत कच्च्या पपया. दूध उतरावं म्हणून पपईबरोबर शिजवायचे डुकराचे पाय शहरातही मिळतात, पण शहरातल्या पपयांवर तिचा विश्वास नव्हता. शेकासाठी लागणारी फणसाची पानं तेवढी तिनं मुद्दाम आणली नव्हती. मूल जन्माला यायच्या आधी पानं तोडायची नाहीत, हा तिचा नेम होता, आणि त्या नेमामागे तिची सासू होती.

आता मात्र ती चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघून चडफडत होती. एवढा मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना ओळीनं झाडं, आणि त्यात एक फणस नाही. नुसती फुलांची, शोभेची.

मागे पलंगावर लेक त्रिन कूस वळवत नव्हती, रडतही नव्हती. डावी छाती दगडासारखी झाली होती, बगलेच्या बाजूला हाताला लागेल अशी गाठ, वरची कातडी लालसर. अंगात कसर होती. सकाळीच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तिथल्या नर्सबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं: दूध अडकलंय, बाळाला पाजणं थांबवू नका, आधी उबदार कापड ठेवा, नंतर गार, हात हलका ठेवा, रगडू नका, आणि उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर परत या. दिवसभर दोघींनी तसंच केलं. बाळ तोंड लावायचं, दोन घोट मिळाले की चिडायचं आणि मान फिरवायचं.

"ह्यांना पावडरचा डबा आणायला सांगितलाय," त्रिन म्हणाली. "बास झालं मा. मला नाही जमत."

"डबा येऊ दे. डबा काही वाईट नाही. पण ती गाठ डब्यानं जाणार आहे का? तिला वाट करून द्यायलाच हवी."

"तुझी पानं आणि तुझा शेक. फणस कुठाय इथं?"

"बेडक्याला फोन केलाय. नारळाची खेप घेऊन तो आज धक्क्यावर येणारच होता. येताना फांदी आणेल."

बेडक्याचं खरं नाव खुद्द त्यालाही कागदावर बघूनच आठवायचं. नजर लागू नये म्हणून जन्मतःच त्याच्या आईनं, गावाकडे लायच्या शेजारी राहणाऱ्या तामनं, त्याला बेडूक म्हणायला सुरुवात केली, आणि पस्तिशी ओलांडून, दोन पोरांचा बाप होऊन, स्वतःची बोट घेऊनही तो बेडक्याच राहिला होता.

त्रिन पहिल्यांदाच थोडी हसली, पण लगेच तिचा चेहरा पडला. "आजी असती तर नाक मुरडून म्हणाली असती, पोरीची जात, हिला काय दूध उतरणार. माझ्या वेळी तिनं सातच पानं आणली होती ना? मुलगाच हवा म्हणून?"

लायनं खिडकी सोडली आणि ती पलंगाच्या कडेला येऊन टेकली. लेकीची ही तक्रार ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती. त्यांच्याकडच्या समजुतीप्रमाणे मुलाचे प्राण सात, म्हणून मुलगा झाला तर सात पानं. मुलीचे नऊ, म्हणून नऊ. निखाऱ्यावर गरम करून छातीवरून उतरवायची, म्हणजे पान्हा मोकळा होतो. सासूनं आधीच माहेराहून सात पानं आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, कारण नातूच होणार याची तिला खात्री होती. झाली त्रिन. सासू म्हणाली, "आता आणलीत ती आणलीत, दोन पानांनी काय अडतंय." आणि अडलं. चांगलंच अडलं.

"तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे," लाय म्हणाली.

"बेडक्यानं तुझं दूध ओढून काढलं, ती ना? अख्खं गाव त्याला अजून चिडवतं. तामकाकू त्याला घेऊन आल्या होत्या."

"आल्या नव्हत्या. त्यांना आणलं होतं." सासूनं लायकडून वचन घेतलं होतं, हे कुणाला सांगितलंस तर याद राख म्हणून. सासू जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या धाकाची सवय काही जात नव्हती.

"तुझ्या आजीनं आणलं," ती म्हणाली. सासूबाई, रागवा हवं तर, असं तिनं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

आणि सांगता सांगता तिला ते घर पुन्हा दिसायला लागलं. नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, पलंगाखाली कोळशाची शेगडी, कानात कापसाचे बोळे, मिरीच्या मांसाचा खमंग वास, आणि भिंतीच्या फटींतून दिसणारा कालवा. अंग तापलेलं, छातीत ठणका, आणि शेजारी रडून रडून आवाज बसलेली एवढीशी त्रिन. तेव्हा तिला तो पलंग तुरुंगासारखा वाटायचा. आज कुणी पुन्हा नेऊन निजवलं असतं तर ती आनंदानं गेली असती.

फणसाचं त्यांचं स्वतःचं झाड पुरात कुजून गेलं होतं. दुसरं झाड कालव्यापलीकडे, तामच्या दारात. आणि तामच्या आणि सासूच्या मधून विस्तव जात नव्हता. तामच्या बदकांनी सासूची भाताची रोपं खाल्ली होती, त्याचा राग म्हणून सासूनं फणसाची आपल्या बाजूला झुकलेली फांदी कोयत्यानं तोडून कालव्यात टाकली होती. त्या दिवसापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. बाजाराला जायचं तरी वेगवेगळ्या होडीतून.

"माझा ताप उतरेना तेव्हा तुझी आजी माझ्या पायाशी येऊन बसली," लाय म्हणाली. "मग म्हणाली, माझ्याचमुळं झालं हे. पोरीचे दोन प्राण मी मोजलेच नाहीत."

त्रिननं मान वळवून आईकडे पाहिलं.

"असं म्हणाली?"

"अगदी असंच. आणि उठली, ठेवणीतला चांगला सदरा घातला, केस विंचरले, आणि बांबूच्या पुलावरून निघाली. त्या पुलाची तिला किती भीती वाटायची, तुला माहीत आहे. एरवी होडीशिवाय कालवा ओलांडायची नाही. पण होडी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी फटीतून बघत होते. एका हातानं बांबू धरून, देवाचं नाव घेत, आडवी आडवी सरकत गेली खेकड्यासारखी."

पुढचं तामनं लायला सांगितलं होतं, नंतर कधीतरी, पोट धरून हसत. म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोन पानं हवीत." नमस्कार नाही, बसते नाही. तामनं विचारलं, "कुणासाठी?" तर म्हणाली, "नातीसाठी." तामला सगळं समजलं. बाळंतिणीचं रडणं कालव्यापलीकडे ऐकू जातच होतं. ती म्हणाली, "पानं घ्या की, झाड घ्या. राहिलेल्या फांद्या तुमच्याच. पण मावशी, दोन पानांनी आता काय होणार? बेडक्याला घेऊन येते. त्याच्या ओढीपुढे विहीरही आटेल."

"आणि आली," लाय म्हणाली. "आठ महिन्यांचा धटिंगण. नुकते दोन दात आलेले. पहिल्या झटक्याला असा चावला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तामताई म्हणाल्या, अगं, असा नाही लागायचा तो. थांब, फिरवून लावू. गाठ बगलेकडे होती ना, तर त्यांनी त्याला माझ्या काखेखालून आडवा घेतला, पाय मागे आणि…"

लायनं वळून बाळाकडे पाहिलं.

"आणि काय?"

"हनुवटी गाठीकडे. जिकडे गाठ तिकडे हनुवटी, असं म्हणाल्या होत्या. अगं, आपण सकाळपासून बाळाला एकाच तऱ्हेनं धरून लावतोय."

"नर्सबाई पण म्हणाल्या होत्या, वेगवेगळ्या तऱ्हेनं धरून बघा. मी ऐकलं आणि विसरले. डोकं जाग्यावर होतं कुठं माझं."

मग दोघी कामाला लागल्या. उबदार कापड ठेवलं. त्रिनच्या बगलेशी उशी लावली, बाळाला तिच्या काखेखालून घेतलं, पाय भिंतीकडे, इवलीशी हनुवटी नेमकी त्या गाठीवर. बाळानं एकदा तोंड लावलं आणि सोडलं. लायनं बोटानं त्याचा गाल डिवचला. "ए, तुझ्या मामानं गाव गाजवलंय. नाव राख." बाळानं पुन्हा तोंड लावलं, या वेळी सोडलं नाही. लाय गाठीवरून बोटांची टोकं फिरवत राहिली, लोणी पसरावं इतक्या हलक्या हातानं. थोड्या वेळानं त्रिनच्या तोंडून एक हुंकार निघाला आणि बाळाच्या गळ्यातून घटाघट आवाज यायला लागला. बोटांखालची गाठ मऊ पडत होती. त्रिन आता रडायला लागली, दिवसभर अडवून धरलेलं सगळं एकदम.

"मग आजी काय म्हणाली? बेडक्या गेल्यावर?"

"काही नाही. तामताईंपुढे चहा ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाली, बदकं बारीक झालीत तुझी, माझ्याकडचा कोंडा घेऊन जा. एवढंच. मग रोज कोंडा जायचा आणि रोज बेडक्या यायचा, माझी गाठ गेली तरी. आणि तू माझ्याकडे कमी, आजीच्या मांडीवरच जास्त असायचीस. तुला नाही आठवायचं. मला तिची आज फार आठवण येते गं."

जावई पावडरचा डबा घेऊन आला तेव्हा त्याच्या मागोमाग बेडक्या होता, खांद्यावर फणसाची आख्खी फांदी, पायऱ्यांवर पानं सांडत.

"मावशी, माझं नाव घेऊन काय बोलताय? मला जिन्यात ऐकू आलं."

"तुझ्या दातांचं कौतुक चाललंय."

"आईच्या झाडाची आहे," फांदी टेकवत तो म्हणाला, आणि जरा हळू आवाजात, "यंदा आई नाही, पण झाड भरभरून आलंय."

लायनं फांदीवरून हात फिरवला आणि एक एक पान खुडून फडक्यात ठेवायला लागली. बाळ झोपलं होतं. त्रिनचा ताप उतरणीला लागला होता, आता शेकाची तशी गरजही नव्हती. सात झाली तरी लाय थांबली नाही.

"मा, मुलगा आहे. सातच ना?"

लायनं आणखी दोन पानं खुडली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि बाकीच्यांवर ठेवली.

"सात याची," ती म्हणाली. "ही दोन तुझी. आजीकडून."