स्पेनमध्ये लोक किरिबाटी खातात

बोईसरच्या आमच्या सोसायटीत नवं वर्ष संध्याकाळी सात वाजता येतं. रात्री बाराला आणून त्याचा काही उपयोग नसतो. तिसऱ्या पाळीचे लोक तोवर कंपनीच्या गेटमधून आत गेलेले असतात आणि पहिल्या पाळीच्या लोकांना पहाटे उठायचं असल्यामुळे ते कुठल्याही वर्षात झोपायला तयार असतात. दुसऱ्या पाळीवाल्यांचं नवं वर्ष मात्र राहून जातं. तशी त्यांची तक्रार आहे आणि ती दरवर्षी टाळ्यांच्या गजरात नोंदवून घेतली जाते. पूर्वी सातला फुगे फोडताना थोडं अपराधी वाटायचं. मग आमचा खजिनदार मेहुल याने मोबाइलवर शोधून काढलं, की आपल्याकडे सात वाजतात तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात बरोबर बारा वाजतात. तेव्हापासून आम्ही अ‍ॅडलेडच्या वेळेने निर्धास्त नाचतो.

नाचाच्या आधी प्रश्नमंजूषा असते. ती निमेश घेतो. त्याचा कोचिंग क्लास आहे, त्यामुळे उत्तर माहीत असलेले प्रश्न दुसऱ्याला विचारण्याची त्याला सवय आहे. सगळे प्रश्न नव्या वर्षाबद्दलच असतात आणि ते डेन्मार्क, जपान अशा ठिकाणांहून येतात. टँकर कधी येणार हा आमच्याकडचा प्रश्न प्रश्नमंजूषेत बसत नाही, कारण त्याचं उत्तर निमेशलाही माहीत नाही.

यंदाच्या प्रश्नमंजूषेवर एक लग्न अडकलं होतं.

बी विंगमधल्या पुंजारामचा मुलगा अक्षय आणि जवळच्या दांडी गावातल्या मच्छीमार रामाची मुलगी रुचिता हे दोघं एकाच औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. त्यांचं जमलं होतं. आयांचंही जमण्यासारखं होतं. अडलं होतं ते बापांचं, आणि तेही जात, हुंडा, पत्रिका अशा सभ्य कारणावरून अडलं नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं होतं की दुसरा अडाणी आहे.

झालं असं. दिवाळीनंतर पुंजाराम आणि त्याची बायको सोजराबाई दांडीला रामाच्या घरी गेले. पुंजाराम मूळचा जालन्याकडचा, कंपनीतल्या कामासाठी बावीस वर्षांपूर्वी इथे आलेला. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "तुम्हाला पोहायला तर मस्त येत असंल?"

"मना पोवाला नाय येत," रामा म्हणाला. "आमी बोटीत बसतो."

पुंजाराम हसला. तो एकटाच हसला.

पुढच्या आठवड्यात रामा आणि त्याची बायको गोदूबाई बोईसरला आले. चहा झाल्यावर रामाने विचारलं, "कंपनीत काय बनवता तुमी?"

"पावडर."

"कसली?"

"पांढरी."

"कशाला लागते?"

"ते वरच्यांना माहीत."

आता रामा हसला.

घरी गेल्यावर रामाने निकाल दिला, "बावीस वर्सं काय बनवतो ते ज्याला ठाव नाय, त्याच्या घरात मी पोर देऊ?" इकडे बी विंगमध्ये पुंजाराम सोजराबाईला म्हणाला, "उभा जन्म पाण्यात काढला अन् पोहता येत नाही. अशा माणसाशी कामून सोयरीक करायची?" ही दोन्ही वाक्यं दोन दिवसांत एकमेकांच्या घरी पोचली. दांडी आणि बोईसर यांच्या मध्ये रिक्षा मिळायला वेळ लागतो, निरोप पोचायला लागत नाही.

मग प्रश्नमंजूषेचं निघालं. पाहुण्यांनाही भाग घेता येतो हे कळल्यावर रामाने सांगून पाठवलं, "येतो. बगू कोन किती शिकलाय." ज्याला कमी येईल त्याने सोयरिकीचं नाव काढू नये, असं दोन्ही घरांत ठरलं. ही अट दुसऱ्यासाठी आहे अशी दोन्ही घरांची खात्री होती.

अक्षयची झोप उडाली. आपला बाप जिंकला तर रामा उठून जाणार. रामा जिंकला तर आपला बाप होळीपर्यंत बोलणार नाही.

"मग बरोबरीत सोडवू," रुचिता म्हणाली. "निमेशदादाचे प्रश्न दरवर्षी तूच टाइप करतोस ना? दोघांनाही सगळी उत्तरं दे."

"ही फसवणूक होईल."

"बरं. मग प्रामाणिकपणे दुसरी बघ."

अक्षयने त्याच संध्याकाळी पाचही उत्तरं काढून दिली. एकदा स्वतःच्या बापाला, आणि रुचितामार्फत तिच्या बापाला. दुसऱ्यालाही मिळाली आहेत हे अर्थातच दोन्ही बापांना सांगितलं नाही.

पाठांतराला पुंजाराम बसला तेव्हा अक्षय प्रश्न वाचायला लागला. पुंजारामने त्याला थांबवलं. "प्रश्न राहू दे. उत्तरं सांग, नंबरानं."

"पप्पा, प्रश्न कळल्याशिवाय—"

"प्लँट चालू करताना मी काय करतो? एक नंबरचा व्हॉल्व्ह, मग दोन नंबर, मग तीन. आत काय चाललंय ते इचारत बसलं की हात चुकतो. बावीस वर्षांत माझा एकदा बी नाही चुकला."

तिकडे दांडीला रुचितालाही हेच ऐकायला मिळालं. "अंधारात बंदरात शिरताना आमी दिवं बगतो," रामा म्हणाला. "पयला दिवा, दुसरा दिवा, तिसरा दिवा. दिवा कोनाच्या घरचा हाय ते इचारत नाय बसत. तू नुसती उत्तरं बोल."

तर दोघांनी पाठ केलं ते असं: एक, किरिबाटी. दोन, बारा द्राक्षं. तीन, जुन्या बशा. चार, दोन तोंडांचा देव. पाच, एकशे आठ. पुंजाराम हे अंघोळ करताना म्हणायचा. रामा जाळं विणताना.

एकतीस तारखेला भांगाचे दिवस होते. भरतीला जोर नसला की मासळी कमी, त्यामुळे बोटी किनाऱ्यालाच होत्या आणि रामाला न येण्याचं कारण सापडलं नाही. तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. गोदूबाईने सोजराबाईसाठी सुका जवळा आणला होता. सोजराबाईने ती पिशवी हात लांब करून घेतली आणि तितकाच हात लांब करून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. बायकांचं अशा रीतीने बरोबरीत सुटलं.

पार्किंगमध्ये मांडव होता. स्पर्धकांच्या खुर्च्या पुढे, एका ओळीत, हातात पाटी आणि खडू. निमेशने प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, आणि घंटा झाली की पाट्या एकदम वर. वर गेलेली पाटी खाली घेऊन बदलायची नाही. रामा एका टोकाला बसला होता, पुंजाराम दुसऱ्या. मध्ये सी विंगच्या इंदुबाई होत्या, ज्या दरवर्षी जिंकतात आणि दरवर्षी बक्षीस म्हणून प्लॅस्टिकची बादली नेतात.

सुरू होण्याच्या तोंडावर मेहुलने निमेशला बाजूला घेतलं. "किरिबाटीचा प्रश्न परत घेतलास? नवं वर्ष सगळ्यात आधी कुठे येतं हे आता वॉचमनच्या नातवालासुद्धा पाठ आहे. काढ तो."

निमेशने तो प्रश्न पेनाने खोडला आणि माइक हातात घेतला. त्या वेळी अक्षय स्पीकरच्या मागे वायर जोडत होता.

"प्रश्न पहिला," निमेश म्हणाला. "स्पेन देशात बाराच्या ठोक्याला लोक काय खातात?"

घंटा झाली. इंदुबाईंच्या पाटीवर 'द्राक्षे' होतं. दोन्ही टोकांच्या पाट्यांवर, मोठ्या अक्षरात, 'किरिबाटी'.

निमेशने चष्मा पुसला. मागे सोजराबाई शेजारणीला म्हणाली, "आमच्या बट्टीसारखंच असंल ते, तुपात भिजवलेलं."

स्पीकरमागून अक्षय बाहेर आला आणि त्याने दोन्ही पाट्या पाहिल्या. त्याचा चेहरा पुंजारामच्या कंपनीतल्या मालाच्या रंगाचा झाला. त्याने बापाकडे पाहून एक बोट वर केलं, म्हणजे एक सोडा, पुढचं लिहा. पुंजारामला वाटलं पोरगा म्हणतोय एक नंबर. त्याने मान डोलावली. अक्षयने रामाकडेही बोट केलं. रामाने त्याला लांबून हात दाखवला, जसा किनाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाला दाखवतात.

"प्रश्न दुसरा. डेन्मार्कमध्ये या दिवशी शेजाऱ्याच्या दारावर काय फेकून फोडतात?"

पुंजारामला पहिलं उत्तर चुकल्याचं कळलं होतं. पण मध्येच भोंगा वाजला म्हणून क्रम सोडून पुढच्या व्हॉल्व्हला हात घालायचा नसतो, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. रामालाही कळलं होतं. पण एक दिवा धुक्यात गेला म्हणून कोणी होडी वळवत नाही.

पाट्या वर गेल्या. 'बारा द्राक्षं.' 'बारा द्राक्षं.'

"फेकून?" निमेशने विचारलं.

"पिकलेली असतील," रामा म्हणाला.

"प्रश्न तिसरा. जानेवारी महिन्याला कोणत्या रोमन देवाचं नाव मिळालं?"

'जुन्या बशा.' 'जुन्या बशा.'

रुचिताने ओढणीत तोंड लपवलं होतं आणि ती रडते आहे की हसते आहे हे गोदूबाईलाही ठरवता येईना.

"प्रश्न चौथा आणि शेवटचा," निमेश म्हणाला. "जपानमध्ये जुनं वर्ष संपताना देवळातली घंटा किती वेळा वाजवतात?"

'दोन तोंडांचा देव.' रामाच्या पाटीवर जागा कमी पडल्यामुळे देव खालच्या ओळीत गेला होता.

इंदुबाई उठून उभ्या राहिल्या. बादली त्यांच्याकडेच जाणार होती, पण त्यांना तत्त्वाची चाड होती. "निमेश, पेपर फुटलाय," त्या म्हणाल्या. "बरोबर उत्तर दोघांचं सारखं येईल, मान्य. चूक सारखी येते ती एकाच क्लासला गेलेल्यांची. आणि हे दोघे तर बसलेत दोन टोकांना."

निमेशने अक्षयकडे पाहिलं. अक्षयने जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात रामा उठला. पाटी घेऊन, पूर्ण मांडव ओलांडून, तो पुंजारामच्या खुर्चीकडे निघाला. मेहुलने खबरदारी म्हणून केकचं टेबल मागे ओढलं. अक्षयला वाटलं, संपलं. रुचिताने ओढणी तोंडावरून काढली.

रामा पुंजारामसमोर उभा राहिला. त्याने आपली पाटी पाहिली, मग त्याची पाहिली.

"तुमाला पन पोरानंच दिली?"

"हं," पुंजाराम म्हणाला.

"नंबरानं पाठ केली?"

"नंबरानंच. प्रश्नाची भानगड नको म्हणलं."

"मी पन तेच बोललो." रामाने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची फुगे भरायची पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसला. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "किरिबाटी म्हंजे काय हाय?"

"मला आधी बिस्किट वाटलं होतं."

"मना वाटला मासा. आमच्याकडं नसंल मिलत, पन दुसऱ्या दर्यात असंल." रामाने मान हलवली. "काल रातच्याला गोदूला बोललो पन, लई काटे असतात त्याला."

पुंजाराम हसला. या वेळी तो एकटा नव्हता.

"पण पोरगं बघा कसं निघालं," पुंजाराम म्हणाला. "बापाला बी फसवलं अन् सासऱ्याला बी."

"लबाड हाय," रामा म्हणाला. "माझी पोर पन काय कमी नाय. सांभालून रावा तुमी."

पुंजारामने जो शब्द वापरला होता तो दोघांच्याही लक्षात आला नव्हता. मागे बसलेल्या दोन्ही बायकांच्या लगेच आला. अशा वेळी बायका पुरुषांना विचार करायला वेळ देत नाहीत. गोदूबाईने खुर्ची सरकवून सोजराबाईला लावली आणि कामाचं विचारायला घेतलं.

"पावसात बोटी बंद असतात. तवाच करू या. आमचे सगले घरी असतात."

"चालंल. कंपनीला सुट्टी मागता येईल."

"मंग तुमच्याकडची मानसं किती? जेवनाचा बगाया लागंल."

सोजराबाईला आकडा सुचेना. जालन्याचे किती, इथले किती, रुसलेले धरायचे की नाही. ती पुढे ओरडली, "अहो, आपली वऱ्हाडी माणसं किती सांगू यांना?"

"आनि आमची पन सांगा," गोदूबाईने आवाज चढवला.

पुढे दोन बाप खडू घेऊन बसले होते. एक उत्तर उरलं होतं. इतके दिवस अंघोळीत आणि जाळ्यात बसून पाठ केलेलं, ते वाया घालवणं दोघांच्याही जिवावर आलं होतं, म्हणून दोघांनी ते लिहून ठेवलं होतं. मागून प्रश्न आला तसा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पाट्या एकदम वर केल्या.

'एकशे आठ.' 'एकशे आठ.'

"एवढी?" सोजराबाई म्हणाली.

"वर गेलेली पाटी बदलायची नाही," पुंजाराम म्हणाला. "नियम आहे."

निमेशने फळ्यावर दोघांच्या नावापुढे एकेक गुण मांडला. इंदुबाईंनी हरकत घेतली नाही. त्या बादली घेऊन वरात कुठून निघणार हे विचारायला गोदूबाईकडे गेल्या होत्या.

मेहुलने घड्याळ बघून दहापासून उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. अक्षय आणि रुचिता स्पीकरच्या मागे उभे होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर, कारण सगळी सोसायटी आता त्यांच्याकडेच बघत होती. सात वाजले. अ‍ॅडलेडमध्ये नवं वर्ष लागलं. रामाने पुंजारामला केकचा तुकडा दिला आणि विचारलं, "त्या पावडरचं तरी काय करतात रे, खरं सांग."

"खरं सांगू?" पुंजाराम म्हणाला. "तुम्ही मला पोहायला शिकवलं की सांगतो."