ओलं गळणं

आमच्यात तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसत. मीही कधी घेतलं नाही. पण लिहायचं तर घ्यायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं कसं? तर यांचं नाव प्रेमचंद. जळगावात कापसाची दलाली करणाऱ्या रतनलालजींचे एकुलते एक चिरंजीव. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. मुलगा पेढीवर बसला की गादीला काटे फुटतात, असं ते येईल त्याला सांगत.

ते काही खोटं नव्हतं. यांचा जीव होता लाल जावा मोटारसायकलीत. माझ्याकडे बघायला वेळ नसे, पण तिच्या टाकीवर बोटाचा ठसा उमटला तर धोतराच्या सोग्याने पुसत. मी सवत म्हणायचे तिला. हे हसायचे, नाना हसायचे नाहीत. गाडी घरात आल्यापासून नानांनी तिला हात लावला नव्हता. अंगणात ती वाटेत उभी असली तर वळसा घालून जात, जणू काही कुणी अस्पृश्य वस्तू दारात ठेवली आहे.

१९६९ साली, थंडी सरता सरता, खानदेशची अजिंक्यपदाची शर्यत ठरली. शनिवारी जळगावात निवड फेऱ्या, रविवारी धुळ्याला अंतिम. नानांनी एकदाच तोंड उघडलं. "कप आणलास तर गाडी राहील आणि मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही आणलास तर गाडी विकायची आणि पेढीवर बसायचं." हे लगेच हो म्हणाले. गाडी गेली तर या माणसाचं काय उरेल, हे मला नानांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

गाडीचं सगळं बघायचा कय्युम. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. हे आणि तो शाळेपासूनचे दोस्त. घरी आला की ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि यांच्या चुका मला मोठ्याने सांगायचा. "भाभी, हे वळणावर घाबरतात बरं का," म्हणायचा, आणि मग दोघांची जुंपायची.

शनिवारी पहिल्याच फेरीत गाडी गचके देऊ लागली. हे शेवटून दुसरे आले. कय्युमने कार्बोरेटर उघडला तर कण अडकलेला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये कचरा होता. त्याने फुंकर मारून साफ केला, आणि दुसऱ्या फेरीत यांनी अशी काही गाडी हाणली की चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा मागचा गडी अजून वळणावर होता. मी पदराआडून पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला सवतीचा अभिमान वाटला.

घरी आले तेव्हा दिवस मावळला होता. आम्ही जैन, आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणीही नाही. हे उपाशीच झोपाळ्यावर बसले आणि नानांना सगळी शर्यत ऐकवत राहिले. नाना जपमाळ ओढत होते. मला वाटलं, ऐकतच नाहीत. मग मध्येच त्यांनी विचारलं,

"पेट्रोलमध्ये कचरा येतो कसा?"

हे चकितच झाले. गाडीबद्दल नानांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. यांनी हौसेने सांगितलं, पंपाची टाकी, गंज, गाळून घ्यायला हवं होतं, राहून गेलं. नाना "हं" म्हणाले आणि माळ पुढे सरकली.

रविवारी पहाटे मी नेहमीसारखं पाणी गाळलं, गाळायचं फडकं, ते गळणं, धुऊन हंडे ठेवायच्या परांडीवर वाळत टाकलं आणि पहिल्या बसने धुळ्याला, माहेरी निघाले. गाडी आणि पेट्रोलचा डबा घेऊन हे आणि कय्युम मागून कापसाच्या ट्रकने यायचे होते. नाना येणार नव्हतेच.

धुळ्याला माझा भाऊ बन्सीलाल मला त्याच्या जीपमधून मैदानावर घेऊन गेला. गावाबाहेरचं मातीचं मैदान, चारी बाजूंनी माणसंच माणसं. धुळ्याचा पितांबर म्हणून एक पैलवानासारखा गडी होता, मैदान त्याच्या घरचं. पण तिसऱ्या फेरीला यांनी त्याला मागे टाकलं. वळणावर घाबरणारा माझा नवरा त्या दिवशी वळणावर गुडघा मातीला टेकवत होता. कय्युम दोरीपाशी उड्या मारत होता. बन्सीलाल मला म्हणाला, "ताई, कप तुझाच."

गाडी हलकी राहावी म्हणून पेट्रोल बेताचंच भरलेलं होतं. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा यांचा हात टाकीखाली गेलेला मला दिसला. गाडी रिझर्व्हवर घेतली. आणि पुढच्याच वळणावर ती खोकली. एकदा, दोनदा. मग गप्प झाली.

"जळगाववालानी गाडी बंद पडनी रे!" बाजूचं कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान पितांबरच्या नावाने दुमदुमलं. हे लाथेवर लाथ मारत होते. धुळीत पितांबर पुढे गेला, मग आणखी एक, मग आणखी एक. शेवटी यांनी गाडी ढकलत आणली.

कय्युमने कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी पाण्याचे मणी चमकत होते. तो बघतच राहिला.

"पाणी?" हे ओरडले. "डबा तुझ्या ताब्यात होता! मेकॅनिक म्हणवतोस स्वतःला? पितांबरने किती दिले तुला?"

ते शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. कय्युमचं तोंड उघडलं, यांच्याकडे पाहून पुन्हा मिटलं. त्याने वाटी पुसली, जागच्या जागी बसवली, पाने पिशवीत भरले आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागला. हे त्याच्या पाठीकडे बघत होते. मी जीपमधून उतरून सांगायला हवं होतं, थांबवा त्याला. पण भर मैदानात बाईमाणसाने आवाज कसा द्यायचा? सगळ्यांनी आपापली लाज सांभाळली त्या दिवशी.

सोमवारी घरी आलो. परांडीवर गळणं नव्हतं. मागच्या अंगणात दोरीवर सापडलं, तेलकट आणि पेट्रोलचा भपका मारणारं. मी ते हातात धरून उभी होते तोवर बाहेर ओट्यावर नाना यांना म्हणत होते,

"हरलास ते ठीक, पण कचरा तर आला नाही ना? मी स्वतः गाळून दिलं होतं. गळणं आधी दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळलं, मगच घेतलं."

जन्मभर पाणी गाळलेला माणूस. फडकं स्वच्छ हवं, एवढंच त्याला ठाऊक. पेट्रोलला ओलं फडकं चालत नाही, हे त्यांना कुणी सांगावं? पिळून घेतलं तरी ओलं ते ओलंच. पाणी जड, टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, आणि रिझर्व्हवर घेतलं की तळाचंच आधी येतं.

यांचा चेहरा मला दारातून दिसत होता. क्षणभर तो पांढरा पडला. मग हे म्हणाले, "नाही नाना, पेट्रोल अगदी स्वच्छ होतं. मीच चुकलो."

माझा नवरा किती मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि किती लहान आहे, हे त्यानंतरच्या महिन्यांत. गाडी भडगावच्या एका जमीनदाराने नेली. हे पेढीवर बसले. पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन कय्युमला दोन शब्द बोलायचे, ते काही यांच्याने झालं नाही. मी म्हणाले, जा. म्हणाले, जातो. गॅरेज चुकवायला मागच्या बोळातून पेढीवर जाऊ लागले. शेवटी म्हणाले, "संवत्सरीला जाईन. त्या दिवशी सगळेच माफी मागतात, सोपं जाईल." आमच्यात पर्युषण संपलं की वर्षभरात ज्याला दुखवलं त्याच्यापुढे हात जोडायची रीत आहे. त्या रीतीच्या आधाराने यांनी उन्हाळा काढला, पावसाळा काढला. मधल्या काळात कय्युमने गॅरेज बंद केलं आणि वरणगावच्या कारखान्यात नोकरी धरली. पैसे घेऊन गाडी पाडणारा मेकॅनिक, अशी बोलवा झाल्यावर त्याच्याकडे गाडी कोण देणार?

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "मिच्छामि दुक्कडम्. जाणता-अजाणता तुझं काही बिघडवलं असेल तर क्षमा कर." दरवर्षी म्हणायचे तेच शब्द. यांनी घाईघाईने त्यांचे हात धरले आणि तसेच बसस्टँडवर गेले.

वरणगावात काय झालं ते यांनीच मला नंतर सांगितलं. कय्युमने यांना घरात घेतलं, चहा दिला. यांनी हात जोडले, रडले. तो म्हणाला, "प्रेमभाऊ, वाटी उघडली तेव्हाच मला कळलं. सकाळी ट्रक घेऊन आलो तेव्हा नाना अंगणात पेट्रोल गाळत बसलेले मी पाहिले होते. फडकं ओलं असेल हे डोक्यातच आलं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"हजार माणसांपुढे तुझ्या बापाचं नाव घेऊ? आणि त्यांनी मला काय सांगितलं होतं, माहीत आहे? म्हणाले, कय्युम, आज हा जिंकला तर मला परवा याच्या मागे बसायचंय. मेहरुणच्या तलावापर्यंत जाऊन यायचं. पण याला आत्ताच सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल."

हे परतले तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी ताट वाढलं होतं. नानांनी विचारलं, "कुणाकडे गेला होतास?" हे म्हणाले, "एका दोस्ताकडे." मग म्हणाले, "नाना, उद्या टांगा सांगतो. तलावावर जाऊन येऊ."

"टांग्यात काय मजा?" नाना म्हणाले, आणि हात धुवायला उठले.