बाराव्या पानावरची मेंढी

सलग तिसऱ्या दिवशी भिंगरी बालवाडीतून स्वेटरविना आली. नाक वाहतंय, छातीत घरघर, आणि हातावर सोनेरी चांदणीचा स्टिकर.

"स्वेटर कुठाय?"

"दिला वर्गातल्या एका मुलीला. तिचा दप्तरात होता, पण तिला माझ्याचे खिसे आवडले."

"आणि तुला थंडी नाही वाजली?"

"मेंढी कुठे म्हणते, थंडी वाजते म्हणून?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बालवाडीतून मिळालेल्या पुस्तकातली ती मेंढी मला तोंडपाठ आहे. धाकट्याला मांडीवर थोपटता थोपटता भिंगरीला शंभरदा वाचून दाखवलीय. ससा मागतो, कोल्हा मागतो, मेंढी लोकर देत सुटते. बाराव्या पानावर ती बर्फात उघडी उभी. चित्रकाराने अंगाभोवती कुडकुडण्याच्या रेघा काढल्यात आणि तोंडावर हसू. बाकीचे तिची लोकर पांघरून टाळ्या वाजवताहेत. खाली चौकटीत तात्पर्य: जी सगळं देते, ती सगळ्यांची लाडकी.

दुसऱ्या दिवशी ताप आलेल्या भिंगरीला सासूबाईंजवळ ठेवलं, धाकट्याला काखोटीला मारलं आणि पुस्तक घेऊन बालवाडी गाठली.

"किती गुणी आहे हो तुमची मुलगी," बाई म्हणाल्या. "मागायचा अवकाश, की देते. बाकीची नुसती ओरबाडतात."

"म्हणजे हिला चांदणी आणि ओरबाडणाऱ्यांना स्वेटर. छान वाटणी आहे."

"मुलांवर संस्कार नकोत का, ताई?"

"या पानावर एक तरी जण तिला विचारतोय का, बाई, तुला थंडी वाजते का म्हणून? तो संस्कार कुठल्या पानावर आहे?"

बाईंनी पान उलटून पाहिलं. खरंच शोधलं. मग म्हणाल्या, "पण मुलांना फार आवडतं हो हे."

स्वेटर घेऊन तणतणतच घरी आले. धाकट्याला खाली सोडलं. भिंगरी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. त्याने हात पुढे केला, तिने वरचा ठोकळा दिला. मग दुसरा. मग तिसरा. आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ती कशाची वाट बघतेय ते मला कळलं. 'शहाणं गं माझं बाळ' हे माझंच रोजचं वाक्य. तेवढ्यावर माझी दहा मिनिटं शांततेत जातात. बाईंना नाही नाही ते बोलून आलेली मी, घरात तीच चांदणी वाटत होते.

मी तिच्याशेजारी बसले. "भिंगरे, तुला हवे होते ना ते?"

तिने अर्ध्या मनोऱ्याकडे पाहिलं. मग हळूच, "नाही दिले तर तू रागावशील?"

चार वर्षांची पोर माझी.

"नाही रागावणार."

तिने त्याच्या मुठीतून एक ठोकळा सोडवून घेतला. त्याने घर डोक्यावर घेतलं.

"कोणी रडवलं गं त्याला?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"रडू दे जरा, आई," मी म्हटलं.

भिंगरी घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होती. ठोकळा मात्र तिने सोडला नाही.