एकाच वावराचे दोन कागद

औरंगपुऱ्यातल्या बाइंडरच्या काउंटरवर श्रेयाच्या प्रबंधाच्या पाच प्रती रचून ठेवल्या होत्या, काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या. चार वाजेपर्यंत त्या विद्यापीठात जमा केल्या की पाच वर्षांचं घोडं एकदाचं गंगेत न्हाणार होतं. तिचे वडील आप्पासाहेब लासूर स्टेशनहून पेढ्यांचा पुडा घेऊन सकाळच्याच गाडीने आले होते. गावभर सांगून आले होते, हे वेगळं सांगायला नको.

बाइंडर शेवटची प्रत पुसत होता, तेवढ्यात आप्पांनी खिशातून दोन कागद काढले.

"ही गंमत बघ. एकाच वावराची माती, एकाच दिशी दोन लॅबात दिली. इथं लोह कमी, तिथं बक्कळ! इचारलं तर लॅबवाला म्हंतो, काका, तपासायची पद्धत येगळी हाय."

श्रेया खळखळून हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. तिच्या प्रबंधातले आकडे तरी कुठे एका पद्धतीचे होते?

श्रेयाचा विषय खगोल, आणि खगोलवाले लोक भलतेच. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला ते धातू म्हणतात, अगदी ऑक्सिजनलाही. दीर्घिकेत हे धातू कमी असले की तिथले मोठे तारे कमी झिजतात आणि मरताना जड कृष्णविवर मागे ठेवतात. ते विवर जोडीच्या ताऱ्याचा वायू ओढू लागलं की क्ष-किरणांनी झगमगतं. एवढं जगाला ठाऊकच होतं. श्रेयाचा दावा असा की कमी धातूंचा हा परिणाम जग समजतं त्याच्या तिप्पट आहे. त्या 'तिप्पट'साठीच तिने पाच वर्षं घातली होती.

तिने काउंटरवरच लॅपटॉप उघडला. त्रेचाळीस दीर्घिका, ऑक्सिजनचे आकडे जुन्या शोधनिबंधांतून वेचलेले. एकोणीस एका पद्धतीने मोजलेल्या, जी ऑक्सिजन मुळातच कमी दाखवते; चोवीस दुसरीने. आणि क्ष-किरणांत जास्त झगमगणाऱ्या नेमक्या त्या एकोणीस! तिने सगळे आकडे एकाच पद्धतीवर आणले. तिप्पट गेलं. उरलं ते जगाला आधीच ठाऊक असलेलं.

तिने मार्गदर्शक सुरेखा मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

"परीक्षक एवढ्या खोलात जात नाहीत," मॅडम म्हणाल्या. "चार वाजता ये."

मॅडम असं म्हणतील हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण खरी हादरली ती स्वतःमुळेच, कारण ते ऐकून क्षणभर तिला हायसं वाटलं होतं. लाजेने तिची कानशिलं तापली.

"आप्पा, यातला कोणता कागद खरा धरला तुम्ही?"

"कोन्ताच नाय. चुकीचं खत टाकलं तर पीक माझंच जाईल ना? परत दिलीया माती."

तिने मॅडमना निरोप टाकला, "आज येत नाही. अजून वर्षभर लागेल." मग आप्पांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. सोनेरी अक्षरांवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं आणि पुड्याची दोरी सोडली.

"खा," एक पेढा पुढे करत ते म्हणाले. "हे काय वरीसभर टिकायचे नाय."